निळ्या जोडीची पिल्लं काळी आणि मळकट पांढरी कशी निघाली?

पिवळी_चोच

मंडळी, ऑरपिंग्टन जातीच्या कोंबड्यांची निळी जोडी पाळली आहे. निळी म्हणजे पाटीसारखी राखाडी, प्रत्येक पिसाच्या कडेला गडद काठ. कोंबडाही निळा, कोंबडीही निळी. कोंबडी खुडूक बसली, पिल्लं निघाली आणि आता खुराड्यात तीन रंग फिरतायत. काही निळी, काही काळी, काही मळकट पांढरी. दुसरा कोंबडा या कोंबडीजवळ फिरकणं शक्यच नव्हतं.

ज्याच्याकडून जोडी घेतली तो म्हणतो, शंभर टक्के शुद्ध. ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, शुद्ध असती तर सगळी निळीच निघाली असती. कोण खरं बोलतंय? आणि मुळात हे रंग ठरतात कसे, यावर कोणी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

भुरकट

फसवलं तुम्हाला. जातिवंत जोडीची पिल्लं आईबापांवरच जातात. मागच्या एखाद्या पिढीत मिसळ झालेली असणार.

पिसारा

भुरकट, जरा थांबा. विकणाऱ्याची वकिली करत नाही, पण या बाबतीत तो खरं बोलतोय. उलट दोन निळ्यांची भरपूर पिल्लं काढली आणि सगळीच्या सगळी निळी निघाली, तरच मला शंका आली असती.

निळा हा स्वतंत्र रंग नाही. मुळात पक्षी काळाच असतो, त्याच्यावर काळा रंग पातळ करणारं एक जनुक बसलेलं असतं. त्याची एक प्रत असली की काळ्याचा निळा होतो. दोन प्रती असल्या की रंग इतका फिका पडतो की मळकट पांढऱ्या अंगावर इकडेतिकडे निळे-काळे शिंतोडे तेवढे उरतात. त्याला स्प्लॅश म्हणतात. एकही प्रत नसली की काळा.

आता तुमच्या जोडीत दोघांकडे एकेकच प्रत आहे. पिल्लाला आईकडून ती मिळेल किंवा मिळणार नाही, बापाकडूनही तसंच. म्हणून सरासरीने पाव पिल्लं काळी, निम्मी निळी, पाव स्प्लॅश. एका खुडुकीच्या पिल्लांत हे प्रमाण तंतोतंत जुळेलच असं नाही, मोजायला बसू नका.

अँडालुशियन नावाची जात याच निळ्यासाठी प्रसिद्ध आहे. तिला कितीही पिढ्या निवडून पाळलं तरी काळी आणि स्प्लॅश पिल्लं यायची थांबत नाहीत. थांबणारच नाहीत, कारण निळेपणा एका प्रतीवर उभा आहे. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसनने १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवलं, आणि पुढे ही निळी अँडालुशियन पाठ्यपुस्तकांतलं ठरलेलं उदाहरण होऊन बसली.

भुरकट

बरं, पटलं. मग सगळी निळीच हवी असतील त्याने काय करायचं?

पिसारा

काळा आणि स्प्लॅश यांची जोडी लावायची. स्प्लॅशकडून प्रत्येक पिल्लाला एक प्रत मिळणारच, काळ्याकडून कधीच मिळणार नाही. सगळी पिल्लं निळी.

तुरेबाज

माझ्याकडे लॅव्हेंडर म्हणजे फिक्या राखाडी रंगाच्या कोंबड्या आहेत, त्यांची पिल्लं मात्र दरवेळी लॅव्हेंडरच निघतात. मग हे वरचं गणित इथे का चालत नाही?

पिसारा

कारण जनुकच वेगळं. लॅव्हेंडर अप्रभावी आहे, दोन प्रती असल्याशिवाय दिसतच नाही. त्यामुळे लॅव्हेंडर गुणिले लॅव्हेंडर म्हणजे सगळी लॅव्हेंडर. पण काळ्याशी लावा, पिल्लं सगळी काळी दिसतील आणि रंग आत दडून राहील.

दोघांत फरक ओळखायचा तर कोंबडा हातात घ्या आणि मान बघा. निळ्या कोंबड्याच्या मानेची, पाठीची पिसं अंगापेक्षा बरीच गडद असतात, जवळजवळ काळी, आणि छातीच्या पिसांना काठ दिसतो. लॅव्हेंडर मानेपासून शेपटीपर्यंत एकसारखा फिका, काठ नाही. आणखी एक फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. निळ्याचं जनुक फक्त काळा पातळ करतं, लाल-सोनेरी रंगाला हात लावत नाही. म्हणून लालबुंद पिसाला निळा काठ असलेल्या वायनडॉट जातीच्या कोंबड्या मिळतात. लॅव्हेंडर दोन्ही पातळ करतं. काळा राखाडी होतो, सोनेरी साईच्या रंगाचा होतो. बेल्जियन बँटम या ठेंगण्या कोंबड्यांमधला पोर्सिलेन रंग असाच तयार होतो.

तुरेबाज

मान बघितली, एकसारखीच आहे. धन्यवाद! पण माझ्या कोंबड्यांची पाठीची आणि शेपटीजवळची पिसं विस्कटल्यासारखी, झिजल्यासारखी दिसतात. उवा-पिसवा तपासल्या, काही नाही.

खुडूक_मावशी

लॅव्हेंडरमध्ये ही तक्रार नेहमीची आहे हो. पिसाचे तंतू एकमेकांत नीट अडकत नाहीत, मग पीस फाटकं दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या लॅव्हेंडरला लॅव्हेंडरच लावत राहिलं की वाढत जातं. मधूनमधून चांगल्या पिसाच्या काळ्याशी लावायचं, काळी दिसणारी पिल्लं वाढवायची आणि ती परत लॅव्हेंडरला द्यायची. निम्मी लॅव्हेंडर मिळतात. वेळ जातो, पण पीस सुधारतं.

अंडज

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच, रंग ठरतात कसे. मी प्रयत्न करतो. लांबेल.

कोंबडीच्या पिसांत रंगद्रव्यं दोनच. एक काळं-तपकिरी, एक लाल-सोनेरी. पांढरा म्हणजे रंगद्रव्याचा अभाव. काळ्या कोंबड्याच्या शेपटीवर उन्हात जी हिरवी झळाळी दिसते ती कुठल्याही हिरव्या रंगद्रव्याची नाही, पिसातल्या काळ्या कणांच्या रचनेवरून प्रकाश जसा परततो त्याची आहे. एवढ्या भांडवलावर शेकडो वाण उभे आहेत.

यादी पाठ करू नका. यादी बघितली की डोकं फिरतं, सिल्व्हर पेन्सिल्ड काय, ब्ल्यू लेस्ड रेड काय. समोरच्या पक्ष्याला मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, काळ्याखाली जो मूळ रंग आहे तो सोनेरी की रुपेरी? दुसरा, काळा कुठे कुठे बसलाय? तिसरा, या सगळ्यावर कोणी पातळ करणारा किंवा पुसून टाकणारा बसलाय का? बहुतेक नावं या तीन उत्तरांची बेरीज असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं मोठं उत्तर एमसी१आर या जनुकात आहे. त्याची बरीच रूपं आहेत. एका रूपात काळा सगळ्या अंगभर पसरतो, ऑस्ट्रालॉर्पसारखा. रानकोंबड्याचं मूळ रूप असेल तर कोंबडा काळ्या छातीचा, लाल-सोनेरी मानेचा आणि मादी तपकिरी, छातीला फिकट तांबूस. ब्राऊन लेगहॉर्नमध्ये हा रानटी रंग जवळजवळ जसाच्या तसा टिकलाय. गव्हाळ नावाचं आणखी एक रूप आहे, त्यात मादी गव्हासारखी फिकी आणि नर मात्र रानकोंबड्यासारखाच भडक. सामन फावेरोल जातीचा नर-मादी शेजारी उभे केले तर दोन वेगळ्या जाती वाटतात, त्याला कारण हेच गव्हाळ रूप.

त्यावर कोलंबियन जनुक आलं की काळा अंगावरून हटतो आणि मान, शेपटी, पंखांची टोकं एवढ्यापुरता उरतो. लाइट ससेक्स डोळ्यांसमोर आणा. ती रुपेरी आहे म्हणून पांढरी दिसते. हीच मांडणी सोनेरीवर आली की बफ कोलंबियन.

भुरकट

थोडक्यात, लाइट ससेक्स पांढरी कोंबडी नाहीच?

अंडज

नाही. ती रुपेरी आहे. खरी पांढरी वेगळी, आणि पांढऱ्यातही दोन प्रकार आहेत.

व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा प्रभावी. तो काळं द्रव्य अडवतो. एकच प्रत असली तरी पक्षी पांढरा, फारतर अंगावर एखाद-दोन काळे ठिपके. पण लाल अडवायला तो कच्चा आहे. म्हणून काळ्या-लाल कोंबड्यावर तो बसला तर काळं जातं, लाल राहतं. त्याला पाइल म्हणतात. दुसरा पांढरा अप्रभावी. त्यात रंगद्रव्य तयार करणारं विकरच नीट बनत नाही, कारण त्या जनुकाच्या मधोमध एका जुन्या विषाणूचा तुकडा घुसून बसलाय. हा दोन प्रतींतच दिसतो आणि लाल-काळं दोन्ही पुसतो. व्हाइट प्लायमाउथ रॉक, पांढरी सिल्की या बाजूच्या.

आता गंमत बघा. प्रभावी पांढरा आणि अप्रभावी पांढरा अशी जोडी लावली तर पहिल्या पिढीत सगळी पांढरी. त्या पिल्लांची आपसांत जोडी लावली की पुढच्या पिढीत सरासरी १३ पांढऱ्यांमागे ३ रंगीत निघतात. आजी-आजोबा चारही पांढरे, आईबाप पांढरे आणि नातू रंगीत. अशा वेळी शेजारच्या कोंबड्यावर संशय घेणारे खूप भेटतात.

भुरकट

हे माझ्यासाठी होतं, कळलं. :)

नवखा_पाळक

पिल्लांवरून नर-मादी ओळखता येतात म्हणे रंगानेच? एक दिवसाच्या पिल्लात? अफवा की खरं?

खुडूक_मावशी

खरं आहे, पण जोडी योग्य लावली तरच. सोनेरी-रुपेरी ठरवणारं जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्यांत माणसाच्या उलट आहे. नराला दोन झेड, मादीला एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे मादीला झेड फक्त बापाकडून मिळतो, आईकडून कधीच नाही.

मग सोनेरी बाप (ऱ्होड आयलंड रेड) आणि रुपेरी आई (लाइट ससेक्स) घ्या. मुलींना बापाचा सोनेरी झेड, त्या तांबूस निघतात. मुलग्यांना आईकडून रुपेरी झेड, आणि रुपेरी प्रभावी, त्यामुळे ते फिके पिवळे. टोपलीत बघताक्षणी वेगळे काढता येतात.

नवखा_पाळक

माझ्याकडे उलटं आहे, ससेक्सचा कोंबडा आणि ऱ्होडच्या माद्या. मग?

खुडूक_मावशी

मग नाही जमणार. रुपेरी बाप सगळ्या पिल्लांना रुपेरी झेड देणार, सगळी फिकीच. बाप सोनेरीच हवा.

पिसारा

भर घालतो. पट्ट्यांचं जनुकही झेडवरच आहे, प्लायमाउथ रॉकच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं. पट्टेदार मादी आणि बिनपट्ट्याचा ऱ्होडसारखा नर घेतला तर नर पिल्लांच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीच्या डोक्यावर नसतो. मोठेपणी नर पट्टेदार, माद्या काळ्या.

पट्टेदार जातीतसुद्धा नर आणि मादी सारखे दिसत नाहीत याकडे लक्ष दिलंय का कोणी? नरात पट्ट्याच्या दोन प्रती, म्हणून तो अंगाने उजळ, काळा आणि पांढरा पट्टा साधारण सारख्याच रुंदीचा. मादीत एकच प्रत, काळा पट्टा रुंद, पक्षी गडद. पनेट नावाच्या जनुकशास्त्रज्ञाने केंब्रिजला याच फरकाचा उपयोग करून अशा जाती घडवल्या की त्यांना दुसऱ्या जातीशी लावण्याची गरजच पडत नाही, शुद्ध जातीतच पिल्लांचं लिंग रंगावरून कळतं. पहिल्या महायुद्धात दाण्याची चणचण होती, तेव्हा नर पिल्लं आधीच वेगळी काढावीत म्हणून रंगाचा वापर करा असं तो सांगत होता, तिथून हे सगळं सुरू झालं.

नक्षी

माझा जीव नक्षीत. एक पीस उपटून... म्हणजे गळालेलं उचलून तळहातावर ठेवा आणि बघा.

सेब्राइटचं पीस आधी घ्या. आत रुपेरी किंवा सोनेरी, आणि कडेने अखंड बारीक काळी रेघ, टोकाशी जरासुद्धा जाड न होणारी. हा एकेरी काठ. वायनडॉटचाही एकेरीच, पण पीस मोठं, काठ रुंद. सिल्व्हर लेस्ड वायनडॉटला अमेरिकन स्टँडर्ड या जातींच्या प्रमाणग्रंथाने १८८३ मध्ये मान्यता दिली, त्या जातीचा पहिला मान्य रंग तोच. आता बार्नेवेल्डरच्या मादीचं पीस. बाहेर एक काठ, आत सोनेरी-तांबूस, त्याच्या आत पुन्हा एक काळा काठ, पिसाच्या आकाराचाच. दुहेरी. पार्ट्रिज वायनडॉटच्या मादीत तर अशा रेघा एकात एक तीन-चारसुद्धा असतात. आणि स्पँगल्ड हँबर्ग, तिथे काठच नाही, टोकाला एक टपोरा काळा गोल थेंब.

ही सगळी वेगवेगळी जनुकं नाहीत, हे मला कळलं तेव्हा मी थक्क झाले. पॅटर्न नावाचं एक जनुक काळ्याला रेघांत लावतं. त्यात काळा वाढवणारं मेलानोटिक आलं की दुहेरी काठ. त्या दोघांत कोलंबियन आलं की आतली रेघ पुसली जाते, एकेरी काठ उरतो. कोलंबियनऐवजी डार्क ब्राऊन नावाचं जनुक आलं की थेंब. तीन-चार मसाले, मात्रा बदलली की पदार्थ वेगळा.

सेब्राइटचा कोंबडा बघितला नसेल तर जरूर बघा. त्याची मान, पाठ, शेपटी सगळं कोंबडीसारखं. लांब टोकदार पिसं नाहीत, शेपटीचे विळे नाहीत. त्यामुळे त्याच्या अंगावरही काठ अखंड दिसतो, जो इतर जातींच्या नरांत मानेवर-पाठीवर मोडतो.

अंडज

नक्षी, सुंदर लिहिलंत. सेब्राइटचं कारणही मजेदार आहे. कोंबड्यांत नराची पिसं हीच मूळ अवस्था. मादीच्या अंगातल्या इस्ट्रोजेनमुळे पिसं मादीची होतात. सेब्राइट नराच्या कातडीतच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं विकर काम करत असतं, त्यामुळे अंगाने कोंबडा आणि पिसाने कोंबडी. म्हाताऱ्या कोंबडीचं अंडाशय बंद पडलं की पुढच्या पीसगळतीनंतर तिला कोंबड्याची झळाळती पिसं येतात, तेही यामुळेच. जुन्या काळी त्यावरून लोक घाबरायचे, घाबरण्यासारखं काही नाही.

कोंबडझुंज_नको

कडकनाथबद्दल कोणीच बोललं नाही? सगळ्यात काळी तीच ना?

पिसारा

कातडीने काळी, पिसाने असेलच असं नाही. कडकनाथमध्ये जेट ब्लॅक, पेन्सिल्ड आणि गोल्डन असे तीन वाण धरतात, आणि तिघांचीही कातडी काळपट. उलट टोकाला पांढरी सिल्की बघा, पीस दुधासारखं आणि आत कातडी निळसर काळी. कातडीचा काळेपणा वेगळ्या जनुकीय उलथापालथीतून येतो. गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालाय, त्यामुळे रंगपेशी नको तिथेही जाऊन बसतात. पिसाच्या रंगाशी त्याचा हिशोब लावू नये.

कोंबडझुंज_नको

आणि असीलची नावं? कागर, याकूब, पीला, नुरी?

पिसारा

ते सगळे रंगावरून पडलेले वाणच. कागर काळा, याकूब काळा-लाल, पीला सोनेरी-लाल, नुरी पांढरा. चित्ता म्हणजे काळ्यावर पांढरे ठिपके. जात एकच, असील. कोणत्याही जातीत असंच धरतात. अंगलोट, ठेवण यावरून जात, आणि रंग किंवा तुऱ्यावरून तिच्यातला वाण.

नवखा_पाळक

माझा पांढरा कोंबडा उन्हाळ्यात मानेवर पिवळा पडलाय. आजारी आहे का?

खुडूक_मावशी

खातोपितो, आरवतो? मग आजार नाही. पांढऱ्या नरांना उन्हाने पितळी छटा येते, पिवळा मका जास्त असेल तर आणखी. काळे पक्षी उन्हाने तांबूस पडतात तसंच. नवीन पिसं येतील तेव्हा स्वच्छ येतील. तोवर दुपारी सावलीत ठेवा, एवढंच. जोडीला लावताना मात्र पीसगळतीनंतरचा रंग बघून निर्णय घ्या, आत्ताचा नव्हे.

तुरेबाज

माझ्या काळ्या तलंगेला पंखात एकच पांढरं पीस आलंय, त्याचं काय? काढून टाकू?

खुडूक_मावशी

उपटू नका. त्या जागी लागलं-खुपलं असेल, तिथल्या रंगपेशी दुखावल्या की पीस पांढरं येतं. पुढच्या वेळी काळंही येईल. मात्र दर पीसगळतीला पिसांच्या टोकांवर पांढरे ठिपके वाढत गेले तर ते ठिपक्यांचं अप्रभावी जनुक, अँकोना जातीत असतं ते. तिची बहीणभावंडंही तपासा मग.

पिवळी_चोच

इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, आभार! पिल्लं आज नीट बघितली. एक शंका राहिली. जी काळी म्हणतोय ती पाठीने काळी, पण पोट आणि पंखांची टोकं पिवळसर पांढरी आहेत. ही पुढे ठिपक्यांची होणार का? आणि या सगळ्यांतून पुढे काय ठेवू? मला निळीच जास्त हवीत.

पिसारा

नाही, काळ्या जातीच्या पिल्लांचं पोट पांढरटच असतं, ऑस्ट्रालॉर्पची पिल्लंही अशीच दिसतात. पहिली पिसं आली की पांढरं कमी होतं, मोठेपणी पूर्ण काळी. निळ्या पिल्लांचंही पोट फिकंच असणार, बघा.

ठेवायचं तर एक चांगला स्प्लॅश नर ठेवा आणि काळ्या माद्या. पण भाऊ-बहीण आपसांत लावू नका, काळ्या माद्या दुसऱ्या घरातून आणलेल्या असाव्यात. निवडताना एक गोष्ट सांभाळा. काळ्या मादीच्या मानेत लाल किंवा सोनेरी पीस डोकावत असेल तर ती घेऊ नका. निळ्याचं जनुक लाल पुसत नाही हे वर आलंच आहे, त्यामुळे तो लाल निळ्या पिल्लांच्या मानेत उठून दिसेल. आणि स्प्लॅश नराची सगळी पिसं येईपर्यंत थांबा. लहानपणी मळकट पांढरा दिसणारा नर मोठा झाला की मानेत पिवळट निघू शकतो, तसा निघाला तर बाद करा.

पिवळी_चोच

स्प्लॅशमधले नर कुठले ते अजून कळत नाही. तुरा दिसायला लागला की पुन्हा विचारते.